मी नीट बघून चालतो, तरी मोबाईलमध्ये डोकं घातलेली माणसं येऊन धडकतात. चूक कोणाची, आणि करायचं काय?

चूक त्यांचीच. पण तुम्ही 'मी नीट बघून चालतो' म्हणताय ना, तेवढ्याने भागत नाही, हे मला ठाणे स्टेशनच्या पुलावर रोज कळतं. राहायला नौपाड्यात, ऑफिस ऐरोलीला, म्हणजे सकाळी अख्खा पूल ओलांडून नऊ-दहा नंबर गाठायचा. गर्दी मरणाची, पण गंमत बघा, एरवी कोणी कोणावर आदळत नाही. समोरचा खांदा जरा आत घेतो, आपण अर्धं पाऊल बाजूला टाकतो, ना ओळख ना बोलणं, काम झालं.

जपानमध्ये हिसाशी मुराकामी नावाचे संशोधक आणि त्यांच्या टीमने हेच करून पाहिलंय. २७-२७ जणांचे दोन गट समोरासमोरून चालत आणले, तेव्हा जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या आपोआप रांगा पडतात, कोणाला सांगावं लागत नाही. मग एका गटातल्या तिघांना मोबाईलवर बेरजा करत चालायला लावलं. हे तिघं पुढे असले की रांगा पडायला उशीर, सगळ्यांचा वेग कमी, आणि जे धड बघत होते त्यांची पण ऐनवेळी बाजूला होताना तारांबळ. कारण अंदाज दोघांनी एकमेकांचा घ्यायचा असतो, एकाने सोडून दिलं की दुसऱ्याचं पण गणित चुकतं. २०२१ चा इग नोबेल मिळाला त्यांना, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा पुरस्कार.

त्याच देशात यामातो नावाच्या शहराने २०२० मध्ये चालताना मोबाईल बघायला बंदीच केली, दंड मात्र ठेवला नाही. आपल्याकडे दंड ठेवला तरी पावती फाडणारा रील संपायची वाट बघत बसेल.

आता मी पण काही साधू नाही हां. जांभळी नाक्यावर एकदा पेमेंट गेलं की नाही ते गोल गोल फिरणारं चक्र बघत चाललो होतो आणि थेट एका आजींच्या मिरच्यांच्या ढिगात पाय. आजी ओरडल्या नाहीत, एक एक मिरची वेचत म्हणाल्या, "डोळे पण खिशात ठेवलेस का रे?" पाव किलो घेतल्या गपचूप, घरी आधीच होत्या.

तर करायचं काय? मी आता बाजूला होतच नाही, सरळ उभा राहतो. आपण डावीकडे सरकलो की तो पण भरकटत तिकडेच येतो. थांबलो की त्याला स्क्रीनच्या खाली माझे बूट दिसतात, दचकून वर बघतो, सॉरी सॉरी करतो आणि परत मान खाली. हाक मारून उपयोग नाही, कानात बोळे असतात. फक्त जिन्यावर असं थांबू नका, मागून लोंढा येतो, तिथे कठडा धरून चला. शेवटच्या पायरीवर मेसेज वाचायला ब्रेक मारणारे वेगळेच, त्यांच्यावर माझ्याकडे अजून इलाज नाही.

आणि डबा पिशवीत उभा ठेवा, झाकण घट्ट. मागच्या पावसाळ्यात असाच एक पोरगा येऊन आदळला, आमटी माझ्या शर्टवर, आणि तोच वर मला म्हणतो, "काका, बघून चाला ना जरा." छत्तीस वर्षांचा आहे मी.