नवे कार्बन घालूनही डायनामो ठिणग्या का टाकतो?

प्रश्न : आजोबांची १९३० ची सहा व्होल्टची फोर्ड मॉडेल ए आम्ही आजही चालू ठेवली आहे. डायनामोचे कार्बन (ब्रश) वर्षभरात दोनदा बदलले, तरी ठिणग्या पडतात आणि अँमीटरचा काटा थरथरतो. आर्मेचर (आतला फिरणारा, तारेची वेटोळी असलेला भाग) नवे भरून घ्यावे काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आर्मेचर भरायला देण्याची घाई करू नये आणि तिसरी कार्बनजोडीही तूर्त घालू नये. कार्बन इतक्या लवकर झिजतो तेव्हा दोष बहुधा कॉम्युटेटरकडे, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागाकडे, असतो. चांगला कॉम्युटेटर गुळगुळीत आणि तपकिरी दिसतो. सगळ्या पट्ट्या सारख्याच काळवंडल्या असतील, तर स्प्रिंग सैल आहे, कार्बन होल्डरमध्ये अडकतो आहे, तेल पसरले आहे किंवा तांबे झिजून पट्ट्यांमधला अभ्रक वर आला आहे. इंजिन मंद चालू ठेवून, पंखा आणि त्याच्या बेल्टपासून हात जपून, कार्बनवर सुक्या लाकडी काडीने हलका दाब द्यावा; ठिणग्या कमी झाल्या, तर स्प्रिंग आणि होल्डर आधी पाहावेत. अभ्रक वर आला असेल, तर लेथवर कॉम्युटेटरचा बारीक कट घेऊन अभ्रक सुमारे पाऊण मिलिमीटर खोल कोरून घ्यावा. शेवटचा हात साध्या पॉलिश पेपरने फिरवावा. एमरीने कधीही नको, कारण तिचे वीजवाहक कण पट्ट्यांमध्ये रुतून बसतात.

मात्र एकच पट्टी, किंवा शेजारच्या दोनच, जळालेल्या दिसल्या, तर तिथल्या कॉइलची (आर्मेचरवरच्या तारेच्या वेटोळ्याची) जोडणी तुटली आहे असे समजावे. जास्त चार्जिंगने आर्मेचर तापले की तिथला डाग (सोल्डर) वितळून उडतो, आणि असा डाग पुन्हा दिला की पुष्कळदा काम भागते. खात्रीसाठी बॅटरीतून बल्बमार्गे समोरासमोरच्या दोन पट्ट्यांना प्रवाह देऊन, शेजारशेजारच्या पट्ट्यांमधला व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये मोजत जावे: एका जागी तो एकदम उसळला तर कॉइल तुटली आहे, शून्यावर आला तर शॉर्ट आहे. सोलापुरात यंत्रमागांच्या मोटारी भरणारे वायंडर पुष्कळ आहेत, पण त्या मोटारींना सहसा कॉम्युटेटर नसतो. म्हणून हे काम हँड-ड्रिल आणि ग्राइंडरची आर्मेचर भरणाऱ्याकडेच द्यावे.

आपल्या डायनामोत चार्जिंग ठरवणारा तिसरा ब्रश, म्हणजे तिसरा कार्बन, असतो. तो प्रबळ चुंबकीय क्षेत्रातल्या कॉइल्सवर बसत असल्यामुळे तिथे थोडी ठिणगी स्वाभाविक आहे. पण चार्जिंग वाढवण्यासाठी कोणी तो फिरण्याच्या दिशेने पुढे सरकवला असेल, तर ठिणग्याही वाढतात आणि उष्णताही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, दिवसाच चालणाऱ्या गाडीला आठ-दहा अँपिअर भरपूर झाले. तपासणी करताना बॅटरीची तार सोडून इंजिन चालवू नये. या डायनामोला आवर घालणारी बॅटरीच असते, ती सुटली की व्होल्टेज भरमसाट वाढून आर्मेचर आणि फील्ड कॉइल (चुंबकीय क्षेत्र तयार करणारी वेटोळी) दोन्ही जळू शकतात.