साडेचार हजार भरू नका, ताई

भांडुपहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा मुलुंडच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला मोबाइलवर एका 'घरबसल्या इंटर्नशिप'चा निरोप आला: दोन महिने डिजिटल मार्केटिंग, शेवटी प्रमाणपत्र, पण आधी साडेचार हजार रुपये भरायचे. इकडे त्यांचा भाचा आयटीआयला फिटर करून परळच्या रेल्वे वर्कशॉपात अप्रेंटिस लागलाय आणि त्याच्या खात्यात दरमहा पैसे येतात. "एकाला शिकायचे पैसे मिळतात, दुसऱ्याकडून मागतात, हा काय प्रकार? आमच्या मुलालाही अप्रेंटिसच लावावं का? आमची तर कुठे ओळख नाही," असं त्या विचारतात.

ताई, आधी त्या साडेचार हजारांचं बोलू. भरू नका. फी घेऊन शिकवतात त्याला क्लास म्हणतात, आणि चांगला क्लास लावायला माझी ना नाही. पण पैसे घेऊन 'तुम्ही आमच्याकडे काम केलंत' असा कागद देणं म्हणजे कागद विकणं. असली प्रमाणपत्रं फाइलमध्ये लावून मुलं मुलाखतीला जातात. समोरचा माणूस एकच विचारतो, "तिथे रोज काय करायचास?" आणि पोरगा छताकडे बघतो.

आता भाच्याचं. त्याच्यामागे 1961 चा अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट उभा आहे. त्याचा करार सरकारदरबारी नोंदलेला असतो. ट्रेड कोणता, किती काळ, विद्यावेतन किती, हे सगळं ठरलेलं. शेवटी परीक्षा होते आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, म्हणून या जागा दरवर्षी निघतात. मात्र हाच कायदा त्याला कामगार मानत नाही, शिकाऊच मानतो. मुदत संपली की नोकरी द्यायलाच हवी असं मालकावर बंधन नाही. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना लेव्हल-1 च्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या श्रेणीच्या भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात, पण त्या भरतीची परीक्षा द्यावीच लागते. भाच्याच्या घरी 'पोरगा रेल्वेत चिकटला' म्हणून पेढे वाटून झाले असतील, तर अभ्यास चालू ठेवायला सांगा.

इंटर्नशिपला असा स्वतःचा कायदा नाही. पैसे द्यायचे की नाही, काय शिकवायचं, हे कंपनी आणि मुलगा यांच्यात ठरतं. ठरलं नाही, तर मुलगा दोन महिने झेरॉक्स काढतो. म्हणून रुजू होण्याआधी साधा ई-मेल तरी लिहून घ्यावा: कोणत्या तारखेपासून, रोज किती तास, कुणाच्या हाताखाली, कोणतं काम, स्टायपेंड किती. पैसे कमी असले तरी मी फार अडून बसणार नाही. हाताखाली घेणारा माणूसच ठरलेला नसेल, तर मात्र जाऊ देऊ नका.

मुलाला आत्ता अप्रेंटिस लावण्याचा विचार सोडा. ते पूर्ण वेळेचं काम, कॉलेजची हजेरी बुडेल. पदवी हातात आली की तोही रस्ता मोकळा आहे. 2014 च्या दुरुस्तीनंतर इंजिनिअर नसलेले पदवीधरही त्यात आले, आणि 2019 च्या नियमांनी पदवीधराला दरमहा किमान 9000 रुपये ठरवले. त्यासाठी केंद्राच्या नॅट्स (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना) पोर्टलवर नोंदणी करायची. या योजनेचं पश्चिम विभागाचं कार्यालय आपल्याच मुंबईत, सायन-चुनाभट्टीला आहे. पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना यांची नावं कानावर आली असतील. दोन्ही पूर्ण वेळ शिकत असलेल्यांसाठी नाहीत.

राहिली इंटर्नशिप, आणि 'ओळख नाही' ही तक्रार. मला ती पटत नाही. तुमच्या सोसायटीचे हिशेब कोण लिहितं? दरवर्षी ऑडिट कोण करतं? वार्षिक सभेच्या अहवालावर त्याची सही आणि शिक्का असतो, पत्ताही असतो. ज्या दुकानातून महिन्याचं वाणसामान भरता, त्याचं जीएसटी रिटर्न कुणीतरी भरतंच ना? ज्या पतसंस्थेत तुमची भिशी किंवा ठेव आहे, तिथेही हिशेब लागतो. एल.बी.एस. मार्गावरच्या इंडस्ट्रियल इस्टेटींत गाळ्यागाळ्यात छोटे कारखाने आहेत, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात बिलांच्या ढिगाऱ्यात बुडालेला एक अकाउंटंट असतो. बी.कॉम.च्या मुलाला याहून जवळची ओळख कुठली हवी?

छोट्या सीएच्या ऑफिसात इंटर्न म्हणून राहणं आणि सीएची आर्टिकलशिप यांत गल्लत करू नका. आर्टिकलशिप सीएचा कोर्स करणाऱ्यांची, सीएंच्या संस्थेकडे नोंदलेली आणि दोन वर्षांची. तुमच्या मुलाला तिथे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एंट्र्या मारायच्या आहेत, बँकेचं स्टेटमेंट आणि कॅशबुक जुळवायचं आहे, खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या नोंदींशी ताडून बघायची आहेत. कंटाळवाणं वाटेल. पण आठशे रुपयांचा फरक कुठून आला हे शोधण्यात ज्याची एक दुपार गेली, त्याला मुलाखतीत छताकडे बघावं लागत नाही.

जाताना एक पानाचा बायोडेटा पुरे. टॅली, एक्सेल येत असेल तर लिहावं, येत नसेल तर 'शिकतोय' लिहावं आणि खरंच शिकावं. बोलणं मुलानेच करायचं. तुम्ही किंवा त्याचे बाबा सोबत गेलात, तर खाली चहाच्या टपरीवर थांबा.

दोन गोष्टी आधी बघून ठेवा. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीसाठी ऑन जॉब ट्रेनिंगचे, म्हणजे प्रत्यक्ष कामावर शिकण्याचे क्रेडिट (श्रेयांक) आहेत, एका क्रेडिटला 30 तास. हे काम त्यात धरतील का आणि कोणत्या नमुन्यातलं पत्र लागेल, हे कॉलेजातल्या संबंधित प्राध्यापकांना सुरू करण्याआधी विचारायला सांगा, मागाहून नव्हे. दुसरं, रेल्वेचा सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढाच असतो. काम अंधेरीला निघालं तर घाटकोपरहून मेट्रोचे रोजचे पैसे स्टायपेंडमधून वजा करून बघा. भांडुप-मुलुंडमध्येच जमलं तर उत्तम.

आणि वेळ. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सीएंच्या ऑफिसांत रिटर्न आणि ऑडिटची धांदल असते. तेव्हा त्यांना माणसं हवी असतात, पण नवख्याला शिकवायला कुणाला उसंत नसते. म्हणून एप्रिल-मेमध्ये, परीक्षा संपताच आत शिरलेलं बरं. भेटायला जाताना तारीख पाहून जावं. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला जीएसटीची मुदत असते, त्या दिवसांत दारात उभं राहिलं तर नुसती मान हलवून परत पाठवतील. 22-23 तारखेला, दुपारी जेवणानंतर जायला सांगा.