हिरड्या उतरताहेत? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या महिन्यात हिरड्यांविषयीची पत्रं इतकी आली की दुसरा विषय घेतलाच नाही. सारख्या प्रश्नांमधून पाच निवडले आहेत.

माझं वय ४६. खालचे समोरचे दात लांब झाल्यासारखे दिसतात. माठातलं पाणी प्यायलं तरी कळ डोक्यात जाते. लग्न झाल्यापासून दोन वेळा गुडाखू घासते. गेलेली हिरडी परत येईल का? – एक ताई, देवरी तालुका, गोंदिया

ताई, दात लांब झालेला नाही. हिरडीने जागा सोडली आणि झाकलेलं मूळ उघडं पडलं. दाताच्या वरच्या भागावर इनॅमलचं टणक कवच असतं, मुळावर ते नसतं. तिथून थंड-गरम बारीक नळ्यांमधून आतल्या नसेपर्यंत पोचतं, म्हणून ही कळ.

गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही. हे मी गोड करून सांगत नाही, कारण ‘हिरडी वाढवणारं’ मंजन शोधण्यात माझ्याकडे येणाऱ्या बायांची वर्षं गेलेली असतात आणि तेवढ्यात आतलं हाडही झिजलेलं असतं. उतरणं थांबवणं मात्र बहुतेक वेळा जमतं. गुडाखूत तंबाखू असतो. त्याने घटकाभर बधिर वाटतं, म्हणून दुखलं की आणखी घासलं जातं. शिवाय तंबाखूने हिरडीला रक्त कमी मिळतं, त्यामुळे आजार आत पसरत असतानाही रक्त फारसं दिसत नाही आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. गुडाखू सोडा, दात साफ करून घ्या आणि पोटॅशियम नायट्रेट असलेली, सेन्सिटिव्ह दातांसाठीची पेस्ट दोन वेळा वापरा. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत सोडू नका.

मुलगी १७ वर्षांची आहे. दातांवर लहानपणापासून पिवळे-तपकिरी डाग. राख आणि मीठ लावून रोज जोराने घासते. डाग तसेच, पण सुळ्यांजवळची हिरडी उतरली. कडुनिंबाची काडी द्यावी का? – एक शेतकरी, पांढरकवडा, यवतमाळ

दादा, आधी लेकराला सांगा की हे डाग तिच्या अस्वच्छतेचे नाहीत. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असतं. दात जबड्यात तयार होत असताना ते पाणी पोटात गेलं की डाग इनॅमलमध्येच बसतो. तुमच्या लेकीचे डाग बहुधा याच जातीचे आहेत. वर चिकटलेला मळ नसल्यामुळे तो घासून निघत नाही. राख मात्र हिरडी खरवडते आणि पुढे दाताच्या मानेशी खाच पाडते. असे डाग दंतवैद्य बऱ्याच प्रमाणात फिके करू शकतात किंवा दाताच्या रंगाच्या थराने झाकू शकतात.

तिला मऊ ब्रश द्या. मुठीत न धरता पेन धरतो तसा बोटांनी धरायचा, केस हिरडीकडे तिरके, साधारण ४५ अंशात, आणि लहान लहान गोल फिरवत दोन मिनिटं. महिन्याभरात ब्रशचे केस फिसकारले तर समजा, हात अजून जड आहे. कडुनिंबाची काडी चालेल, पण टोक चावून कुंचल्यासारखं मऊ करूनच, आणि आडवी रेटायची नाही. घरात धाकटी मुलं असतील तर ग्रामपंचायतीकडून पिण्याचं पाणी तपासून घ्या. त्यांचे दात अजून वाचू शकतात.

वय २९. दहा वर्षांपासून खर्रा खातो, दिवसाला चार-पाच पन्न्या. डावीकडे जिथे ठेवतो तिथली हिरडी पार खाली गेली. आता भाजीचं तिखटही झोंबते, तोंडही पूर्ण उघडत नाही. गोळी ठेवायची जागा बदलली तर चालते का? – चामोर्शी तालुका, गडचिरोली

भाऊ, नाही चालत. आणि तुमच्या पत्रात हिरडी ही दुसऱ्या नंबरची गोष्ट आहे. पहिली आहे तिखट झोंबणं आणि तोंड न उघडणं. खर्र्यातल्या सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर घट्ट होत जातं, हात लावला तर दोऱ्यांसारखे पट्टे लागतात. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि यातल्या काही जणांना पुढे कर्करोग होतो. आज आरशासमोर उभे राहा आणि स्वतःच्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. जात नसतील, गालात किंवा जिभेवर पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा एखादा फोड दोन-तीन आठवड्यांत भरला नसेल, तर याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयाचा दंतविभाग गाठा.

हिरडीचं सांगायचं तर सुपारी, तंबाखू आणि चुन्याची ती गोळी तासन्‌तास एकाच जागी दाबून ठेवली की तिथली हिरडी भाजते, सोलते आणि शेवटी जागा सोडते. जागा बदलाल तर नवीन जागा खराब कराल. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा ठेल्यावर समोरच घोटून मिळतो, म्हणून तो लोकांना साधा वाटतो. रोवणीच्या दिवसांत बांधीत सगळे खात असताना एकट्याने नाही म्हणणं किती जड जातं हे मला माहीत आहे. म्हणून एकट्याने लढू नका. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी फुकट समुपदेशन मिळतं. खर्रा चालू असताना हिरडीवर केलेली शस्त्रक्रिया टिकण्याची आशा फार कमी, त्यामुळे आधी ते सुटू द्या.

बाबांना शुगर आहे. हिरड्यांतून पू येते, दोन दात हालतात. डॉक्टर क्लीनिंग सांगतात, पण गावात म्हणतात मशीन लावली की दात ढिले होतात. – अचलपूर, अमरावती

ही भीती मी रोज ऐकते आणि तिच्यापायी वाचण्यासारखे दात गेलेले बघते. दातावर जंतूंचा चिकट थर बसतो. तो काढला नाही तर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांतच दगडासारखा होतो, तेच किटण. ते हिरडीच्या आत उतरतं, हिरडी सुजते आणि दाताला धरणारं हाड विरघळायला लागतं. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली फट एक ते तीन मिलिमीटर असते. बाबांची पाच-सहाच्या वर गेली असण्याची शक्यता आहे.

हाड गेल्यावर अशा दातांना कधीकधी किटणच टेकू देऊन उभं ठेवतं. मशीनने टेकू निघाला की दात हलताना जाणवतो आणि दोष मशीनवर येतो. सूज ओसरल्यावर फटी दिसतात, थंड लागतं, तेही आठवडा-दोन आठवड्यांत कमी होतं. फार खोलवर गेलं असेल तर भूल देऊन मुळं साफ करावी लागतात, क्वचित हिरडी उघडून.

शुगर आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात. हिरड्यांचे उपचार नीट झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर टक्क्यांत दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ ने उतरतं, म्हणजे बाबांच्या शुगरलाही याचा उपयोग आहे. बाबांना उपाशीपोटी नेऊ नका, जेवण आणि गोळी वेळेवर देऊन न्या. खर्चाची अडचण असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय आहे. एक दिवस मोडेल, पण काम पूर्ण होईल.

मी शिक्षिका आहे. एकाच दाताची हिरडी उतरली. टाळूचं मांस काढून लावायचं म्हणतात. खरंच गरज आहे का? – भंडारा

ताई, उतरणं थांबलेलं असेल, कळ नसेल आणि दिसायला खटकत नसेल तर गरज नाही, सहा महिन्यांनी मोजून बघत राहायचं. दर खेपेला वाढत असेल तर करून घ्या. शेजारच्या दातांमधलं हाड शाबूत असेल तर मूळ चांगलं झाकलं जातं, ते गेलेलं असेल तर पूर्ण झाकलं जात नाही. म्हणून एक्स-रे बघून डॉक्टरांना हेच विचारा. टाळूची जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. टाके असेपर्यंत त्या दाताला ब्रश लावायचा नाही आणि भाकरीचा कडक पापुद्रा, चिवडा त्या बाजूने चावायचा नाही. शाळेला सुट्टी लागली की तारीख घ्या.