हातापायांच्या काड्या, पोटाचा नगारा

“मॅडम, वजन वाढलेलं नाही. हात बघा, मनगटं बघा. मग पोटच असं का?”

हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की समोरची व्यक्ती मांडीवर पर्स घेऊन बसली आणि तासभर ती खाली ठेवलीच नाही, तर गाडी कुठे येऊन थांबणार याचा मला अंदाज येतो. पहिल्या भेटीत कुणी हे विचारत नाही. समुपदेशनाला येतात ते झोप लागत नाही म्हणून, घरात खटके उडतात म्हणून. पोटाचा विषय निघतो तिसऱ्या-चौथ्या भेटीत, तोही जाता जाता, चपला घालताना.

जाड माणसाला लोक टोमणे मारतात, पण त्याची तक्रार ही तक्रार आहे एवढं तरी मान्य करतात. बारीक माणसाने पोटाचं नाव काढलं की सगळे हसतात. “तुला काय धाड भरलीये? आमच्याकडे बघ!” मग ही माणसं गप्प बसतात, मोबाइलवर बघून घरच्या घरी उपाय करतात आणि डॉक्टरांपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “कुणा डॉक्टरांनी तुम्हाला झोपवून, पोटाला हात लावून तपासलंय का?” बहुतेकांचं उत्तर नाही असंच असतं.

मेघनाचंही तेच होतं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.) वय चौतीस, मुलगी पाच वर्षांची, रोज डोंबिवली ते दादर नोकरी. चिडचिड फार वाढली म्हणून आली होती. आठवड्यामागून आठवडे आम्ही मुलीचा अभ्यास, सासूबाईंचं बोलणं, ऑफिसातलं राजकारण यांवर बोललो. मग एकदा तिने लोकलमधला प्रसंग सांगितला. लेडीज डब्यात उभी असताना एक बाई सरकून जागा करत म्हणाल्या, “ये गं, बस. कितवा महिना?”

“मग तुम्ही काय केलंत?”

“पुढच्या स्टेशनला उतरले. डबा बदलला. आता त्या गाडीनेच जात नाही, आधीची पकडते.”

म्हणजे एका प्रश्नापायी ही बाई रोज पहाटे वीस मिनिटं आधी उठत होती. मी तिला म्हटलं, या पोटासाठी आजवर काय काय केलंत ते सगळं सांगा, लाजू नका. यादी मोठी निघाली. दिवसभर पोट आत ओढून धरायचं. ऑफिसात स्लिम बेल्ट. रात्री पोळी-भात बंद, त्याऐवजी वाटीभर कच्ची मोडाची कडधान्यं आणि कोबीची कोशिंबीर. दुपारी भूक मारायला शुगरफ्री च्युइंगगम. प्रवासात स्वच्छतागृहाची पंचाईत म्हणून पाणी जेमतेम. आणि रोज रात्री मुलगी झोपल्यावर दम लागेपर्यंत क्रंचेस, म्हणजे पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम.

मी तिला एकच काम दिलं. आठवडाभर सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी बेंबीच्या रेषेत टेप लावून मोजायचं आणि लिहून ठेवायचं. वही घेऊन आली तेव्हा तिचाच विश्वास बसत नव्हता. सकाळ-संध्याकाळच्या मापात सहा-सात सेंटिमीटरचा फरक.

“चरबी सकाळी घराबाहेर जाऊन संध्याकाळी परत येते का हो?” मी विचारलं. ती हसली. माझ्या खोलीत पहिल्यांदाच.

सकाळी सपाट आणि संध्याकाळी फुगलेलं पोट हे सहसा चरबीचं नसतं. ते वायूचं, साचलेल्या मळाचं, न पचलेल्या दुधाचं किंवा श्वासाच्या सवयीचं असतं. श्वासाचं कुणी सांगत नाही, म्हणून थोडं थांबून सांगते. अशा तक्रारी असलेल्या लोकांचे सीटी स्कॅन काढून झालेल्या अभ्यासांत दिसलंय की पोट फुगलेलं दिसतं तेव्हा पुष्कळदा आतला वायू फारसा वाढलेला नसतो. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा पडदा खाली दाबला जातो, पुढची भिंत सैल पडते आणि आतलं सगळं पुढे येतं. दिवसभर पोट आवळून छातीने वरवर श्वास घेणाऱ्यांची या स्नायूंची लय बिघडते, असं मला माझ्या कामात वारंवार दिसलंय. त्यात कच्ची कडधान्यं आणि कोबी, म्हणजे वायूची सोयच. शुगरफ्री गममधलं सॉर्बिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घातलेला गोडवा, नीट पचत नाही, आतड्यातले जंतू ते आंबवतात, शिवाय चघळताना हवाही गिळली जाते. पाणी नाही म्हणून बद्धकोष्ठ.

मी तिच्या यादीतल्या एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. पोट घालवायला तिने केलेला जवळजवळ प्रत्येक उपाय पोट वाढवत होता. मला स्वतःला या क्षणाचं फार अप्रूप वाटतं. वरवर हा आहारशास्त्राचा मुद्दा आहे, पण तो आहारतज्ज्ञाकडे सापडला नसता, कारण ती यादी लाजेची होती. लाज वाटते ती गोष्ट माणूस डॉक्टरांच्या पाच मिनिटांत सांगत नाही.

पण क्रंचेसचं कोडं उरलं होतं. इतका व्यायाम, आणि बेंबीच्या वरचा भाग आणखीच वर येतो, असं ती म्हणत होती. मी तिला आधी फॅमिली डॉक्टरांकडे आणि त्यांच्या चिठ्ठीने फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. पाठीवर झोपवून, गुडघे वाकवून, डोकं किंचित उचलायला सांगितल्यावर मधोमध उंचवटा आला आणि त्यात तीन बोटं आत गेली. गरोदरपणात पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधला पट्टा ताणला जातो. बऱ्याच जणींचा तो पुढे आवळतो, काहींचा आवळत नाही. नॉर्वेतल्या पहिलटकरणींच्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर ६ आठवड्यांनी ६० टक्के जणींच्या पोटात ही फट होती आणि वर्षभरानंतरही जवळपास ३३ टक्के जणींमध्ये ती टिकून होती. म्हणजे हा काही दुर्मिळ आजार नाही. पण ‘डायस्टॅसिस रेक्टाय’ हे त्याचं नाव आपल्याकडे बाळंतिणीला कुणी सांगत नाही. मधला भाग वर ढकलला जात असताना जोरजोरात क्रंचेस मारणं तिच्यासाठी उलट ठरत होतं.

मला वाटलं होतं, कारण कळल्यावर तिला हायसं वाटेल. ती रडायला लागली.

मानसोपचारातल्या अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत माझी जडणघडण झाली. घटना आणि दुःख यांच्या मध्ये माणूस स्वतःशी एक वाक्य बोलतो, ते शोधायचं, हे तिथलं मुख्य काम. ते मी घाईने करत नाही. तिचं रडणं ओसरेपर्यंत थांबले आणि मग लोकलकडे परत गेले.

“त्या बाईंनी ‘कितवा महिना’ म्हटलं, तेव्हा तुम्ही मनात काय म्हणालात?”

“की सगळ्यांना दिसतंय.”

“काय दिसतंय?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “की मी ऐकलं नाही.”

“कुणाचं?”

“आईचं. बाळंतपणाला माहेरी होते. आई रोज म्हणायची पोट बांधून घे, शेक घे, पडून राहा. मला ते सगळं जुनाट वाटायचं. पट्टा सोडून टाकायचे. आई म्हणाली होती, आत्ता ऐकू नकोस, पुढे पोटाकडे बघशील तेव्हा मी आठवेन.”

“आणि आठवते?”

“रोज. आरशात.”

इथे मी काही समजावलं असतं तर सगळं वाया गेलं असतं. मी फक्त विचारलं, फिजिओथेरपिस्टने पोट बांधायच्या पट्ट्याबद्दल काय सांगितलं? तिने आठवून सांगितलं: पट्ट्याने आधार मिळतो, पाठीला बरं वाटतं, पण स्नायूंची ताकद त्याने येत नाही, ती व्यायामानेच येते.

“म्हणजे ऐकलं असतं तरी…”

“तरी फट राहिली असती, कदाचित,” तिनेच वाक्य पुरं केलं. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, “मॅडम, म्हणजे पाच वर्षं मी पोटाच्या आडून आईशीच भांडतेय.”

हे वाक्य माझं नाही, तिचं आहे. पण ते तिच्या तोंडून यावं यासाठी जी वाट करावी लागते ती करता येणं, यालाच मी माझं काम म्हणते. त्या दिवशी जाताना तिने पर्स खांद्याला लावली होती.

पुढचं सगळं कंटाळवाणं, म्हणून चांगलं. पोट सैल सोडून श्वास घ्यायला ती शिकली. फिजिओथेरपिस्टने दिलेले, दिसायला अगदी किरकोळ वाटणारे व्यायाम रोज करत राहिली. कडधान्यं शिजवून, तीही थोडी थोडी. पोळी परत आली, पाण्याची बाटली आली, बेल्ट आणि गम गेले. काही महिन्यांनी फट दीड बोटावर आली आणि संध्याकाळचं फुगणं बरंच उतरलं. पोट सपाट झालं नाही. एकदा पुन्हा कुणीतरी तिला लोकलमध्ये बसायला जागा दिली. “मग?” मी विचारलं. “बसले की! पाय दुखत होते,” ती म्हणाली. आता ती पूर्वीच्याच गाडीने जाते.

मेघनाची गोष्ट वाचून आपलंही तेच असणार असं मात्र समजू नका. एका कारणाची तर मी मुद्दाम भीती घालते. चाळिशीतले एक गृहस्थ बायकोने ढकलले म्हणून आले होते. पोट सकाळ-संध्याकाळ तेवढंच, घट्ट, बोटांच्या चिमटीत फारसं न येणारं. “वजन एकसष्ट किलो आहे माझं, बायकोला उगाच काळजी,” हे त्यांचं म्हणणं. लाजेचा लवलेश नव्हता, आणि अडचण तीच होती. ही चरबी कातडीखाली नसून आत, यकृत-आतड्यांभोवती बसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या ‘बारीक पण चरबीदार’ भारतीय शरीरावर अनेक वर्षं काम केलंय. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवावा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर मोजायचं. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे माप गेलं तर साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृत तपासून घ्यावं. त्या गृहस्थांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. नुसत्या पोटाच्या व्यायामाने ही चरबी जात नाही, चालणं, ताकदीचा व्यायाम, झोप आणि दारूवर ताबा या सगळ्यांनी मिळून ती उतरते. त्यांच्या बाबतीत शेवटच्यावरच आमचं घोडं अडलं होतं.

आणि काही पोटं माझ्याकडे येऊच नयेत. पन्नाशीच्या आसपासच्या किंवा पुढच्या बाईचं पोट नव्याने फुगू लागलं, उतरेना, दोन घासांत भरल्यासारखं वाटतं, लघवीला वारंवार जावं लागतं, तर ‘गॅस असेल’ म्हणत ओवा चावत बसू नये. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन सोनोग्राफी करावी, कारण अंडाशयाचा कर्करोग सुरुवातीला असाच, साध्या तक्रारींच्या वेषात येतो. तरुण बायकांत गर्भाशयातल्या गाठी, अंडाशयातली गाठ, आणि हो, पाळी चुकली असेल तर खरोखरची गरोदरपणाची शक्यताही असतेच. वजन घटतंय आणि पोट मात्र वाढतंय, शौचातून रक्त जातंय, डोळे पिवळे दिसतायत, पोटात पाणी झाल्यासारखं जड वाटतंय, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावेत. चेहरा गोल, हातपाय बारीक, पोटावर जांभळट वळ, असं दिसलं तर सांधेदुखीवर वा दम्यावर कुणी दिलेल्या पुड्या घेताय का, हे डॉक्टरांना न लपवता सांगावं. त्यात स्टेरॉइड निघाल्याच्या कहाण्या आपल्याकडे नवीन नाहीत. कॉलेजच्या मुलामुलींत मात्र पुष्कळदा नुसती उभं राहण्याची ढब असते: कंबर आत, ढुंगण मागे, पोट पुढे.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या. पोट केव्हापासून असं आहे, दिवसात कमी-जास्त होतं का, आणि ते घालवायला तुम्ही आजवर काय काय केलंत. ही तिसरी गोष्ट लोक गाळतात. ती सगळ्यात वर लिहा, बेल्ट, चूर्ण, उपास, गोळ्या, सगळं. बोलायला संकोच वाटला तर कागद नुसता पुढे सरकवा, वाचायचं काम त्यांचं.