बाबांच्या साठीनिमित्त लंडनजवळ गोल्फचा दिवस : दोन क्लब नकोत, एकच घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बाबांची साठीशांत झाली, ऑगस्टमध्ये ते आणि काका तुमच्याकडे लंडनला येतायत. दोघंही पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर नियमित खेळतात, बाबांचा हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) १६, काकांचा २०. एका कंपनीने दोघांसाठी ३,५०० पौंडांचा ‘लक्झरी गोल्फ डे’ सुचवलाय. त्यात घरापासून गाडी, सकाळी एक खासगी क्लब, दुपारी दुसरा, सोबत खेळणारा यजमान, जेवण आणि फोटो आहेत. घ्यावा का, हा तुमचा प्रश्न. शिवाय तुम्ही स्वतः खेळत नाही, तर सोबत चाललेलं चालेल का?

दिवस जरूर द्या. बाबा तो कधी विसरणार नाहीत. पण या स्वरूपात देऊ नका. मी लंडनच्या या बाजूला बरीच वर्षं राहते आणि इथल्या हेदरच्या, म्हणजे जांभळ्या फुलांच्या बुटक्या झुडपांच्या, कोर्सेसवर खेळते. माझं ठाम मत आहे की अशा दिवसाची गोडी एकाच क्लबात सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहण्यात आहे. दोन क्लब म्हणजे एकाच संध्याकाळी दोन रिसेप्शनांना हजेरी लावणं. अहेर दोन्हीकडे द्यायचा आणि जेवण धड कुठेच नाही. पहिल्या कोर्सवर शेवटचा, अठरावा होल संपला की घाईघाईने बूट बदलायचे, एम-२५ महामार्गाच्या गर्दीत अडकायचं आणि दुसऱ्या ठिकाणी पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) धापा टाकत पोचायचं. दोन फेऱ्या म्हणजे दिवसाला सोळा-अठरा किलोमीटर चालही होते. बग्गी इथे सहज मिळत नाही. बऱ्याच जुन्या क्लबांत ती वैद्यकीय कारणासाठीच देतात.

आता कंपनी नक्की काय विकतेय ते बघा. ‘एक्सक्लुझिव्ह प्रायव्हेट क्लब’ या नावाखाली इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. पहिला प्रकार आहे सनिंगडेल, वॉल्टन हीथ, सेंट जॉर्जेस हिल यांचा. हे सदस्यांचेच क्लब आहेत, पण आठवड्यातले काही दिवस ते पाहुण्यांना ग्रीन फी, म्हणजे खेळण्याचं शुल्क, घेऊन खेळू देतात. तुम्ही स्वतः मेल केलात, हँडिकॅपचा पुरावा जोडलात, तर तीच वेळ तुम्हालाही मिळू शकते. उन्हाळ्यात माणशी काहीशे पौंड पडतात, म्हणजे स्वस्त मुळीच नाही, पण ३,५०० च्या आसपासही जात नाही. दुसरा प्रकार आहे क्वीनवुड किंवा द विझलीचा. तिथे सदस्याचा पाहुणा म्हणूनच जाता येतं. अशा क्लबाचं नाव यादीत असेल, तर कंपनीला थेट विचारा की प्रवेश कुणाच्या नावावर आहे आणि तो सदस्य त्या दिवशी स्वतः सोबत खेळणार आहे का. सदस्याने पैसे घेऊन पाहुणे आणणं बऱ्याच क्लबांना मान्य नसतं. गोष्ट उघडकीला आली तर आदल्या दिवशीही बुकिंग रद्द होऊ शकतं, आणि तेव्हा बाबांना काय सांगणार? बंद क्लबात जायचा सरळ रस्ता म्हणजे ओळखीचा सदस्य, किंवा धर्मादाय संस्थांचे लिलाव. तिथे सदस्य चार जणांच्या खेळाची संधी देणगी म्हणून देतात.

मी तुमच्या जागी असते तर सनिंगडेल निवडलं असतं. लंडनच्या पश्चिमेला, अ‍ॅस्कटच्या जवळ. वॉटर्लू स्टेशनहून थेट रेल्वे आहे, साधारण पाऊण-एक तास लागतो. इथला ओल्ड कोर्स विली पार्क ज्युनियर यांनी आखला आणि तो १९०१ मध्ये खुला झाला. त्याच सुमाराला हॅरी कोल्ट क्लबाचे सचिव झाले. पुढे ते जगातल्या सर्वांत मोठ्या कोर्स-रचनाकारांपैकी एक ठरले. शेजारचा न्यू कोर्स त्यांचाच, १९२३ चा. म्हणजे एकाच क्लबहाऊसमधून दोन थोर कोर्स. दुसरा कोर्स हवाच असेल, तर त्यासाठी गाडीत बसायची गरज नाही.

बाबांना जाण्याआधी एक गोष्ट नक्की सांगा. १९२६ मध्ये ओपन या ब्रिटनच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत अमेरिकेचे दिग्गज खेळाडू बॉबी जोन्स यांनी ओल्ड कोर्सचे अठरा होल ६६ फटक्यांत संपवले. पहिल्या नऊ होलांत ३३, शेवटच्या नऊत ३३. त्या ६६ मध्ये ३३ ‘पट’, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) बॉल घरंगळवणारे फटके, आणि उरलेले ३३ इतर. अख्ख्या कार्डावर फक्त तिर्री आणि चौकी, म्हणजे प्रत्येक होल तीन किंवा चार फटक्यांत, एकही दुर्री नाही, एकही पंजी नाही. त्या काळच्या हिकरी लाकडाच्या दांड्यांनी! पुढे त्याच महिन्यात त्यांनी रॉयल लिथमला ओपन जिंकली. माझ्या मनाच्या अधिक जवळची कथा मात्र २००४ ची आहे. महिलांच्या ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या दिवशी कॅरेन स्टपल्सने पहिल्या होलवर ईगल मारला, म्हणजे पारपेक्षा (होलला अपेक्षित फटक्यांपेक्षा) दोन फटके कमी घेतले, आणि दुसऱ्यावर, पार पाचच्या होलवर, दुसरा फटका थेट होलमध्ये घातला. दोन होलांत पारपेक्षा पाच फटके कमी, आणि स्पर्धाही तिचीच. त्या दोन टींवर उभं राहताना हे माहीत असलं, की समोरची हिरवळ वेगळीच दिसते.

दहावा होल उंचावरच्या टीवरून खाली उतरतो. तिथे उभं राहून दोन मिनिटं नुसतं बघू द्या त्यांना. दहाव्या ग्रीनच्या मागेच हाफवे हट, म्हणजे वाटेतली खाण्याची टपरी, आहे. तिथलं सॉसेज सँडविच गोल्फच्या जगात प्रसिद्ध आहे. बाबा शाकाहारी असतील तर काय मिळेल ते आधी विचारून ठेवा. आणि अठराव्या ग्रीनमागचं ते मोठं ओकचं झाड क्लबाच्या बोधचिन्हातही आहे. फोटो काढायचाच असेल तर तो तिथे, आणि त्यासाठी कंपनीचा फोटोग्राफर लागत नाही, तुम्ही आहात ना.

पूर्ण दिवस एका ठिकाणी, ही कल्पना माझी नाही. स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळ म्युरफिल्डला पाहुण्यांना मंगळवारी आणि गुरुवारी बोलावतात. सकाळी चौघांनी आपापल्या बॉलने खेळायचं, मग कोट-टाय घालून निवांत जेवायचं, दुपारी फोरसम. म्हणजे दोघांत एकच बॉल, आळीपाळीने फटका. हा क्लब म्हणजे ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरा गोल्फर्स. १७४४ मध्ये लीथला त्यांनी खेळाचे पहिले लेखी नियम केले, अवघे तेरा. स्त्रियांना सदस्यत्व द्यायला मात्र त्यांना २०१७ चं मतदान लागलं. मी तिथल्या खेळाचं कौतुक करते, तेव्हा ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण अशा क्लबांचा इतिहास सांगताना ती गाळणं बरोबर नाही. बाबांचा मुक्काम लांबणार असेल आणि एडिंबराचा बेत असेल, तर हा दिवस सनिंगडेलपेक्षाही वरचा आहे. पण तिथल्या तारखा फार आधी भरतात, या ऑगस्टसाठी आशा धरू नका.

फोरसमचा बेत तुम्ही सनिंगडेललाही करू शकता. सकाळी ओल्ड, मग दीड-दोन तासांचं जेवण, आणि पायांत बळ उरलं असेल तर न्यू कोर्सवर बाबा-काकांनी मिळून एकच बॉल. फटके निम्मे, खेळ भराभर, आणि दोघा भावांना एकमेकांच्या चुका निस्तरत खेळताना जी मजा येईल ती वेगळ्या बॉलने खेळून येत नाही. या क्लबाला त्याची परंपराही आहे. सनिंगडेल फोरसम्स ही स्पर्धा १९३४ पासून होते, त्यात स्त्री-पुरुष, व्यावसायिक-हौशी सगळे एकत्र खेळतात. पाहुण्यांना त्या दिवशी दुपारी फोरसम चालेल का, हे बुकिंग करताना विचारा. बाबा दमले तर न्यू कोर्स सोडून द्या आणि व्हरांड्यात बसा. म्हणून दुसऱ्या फेरीचे पैसे आधी भरायचे की नाही, याचा विचार करा.

वाचलेल्या पैशांतून सगळ्यात आधी कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा आणि सल्ला देणारा मदतनीस, घ्या. पुण्या-मुंबईत कॅडी म्हटलं की आलाच, इथे तसं नाही. बहुतेक लोक आपली बॅग स्वतः ओढतात. त्यामुळे कॅडी दोन-तीन आठवडे आधी प्रो शॉपमार्फत (क्लबातल्या गोल्फच्या दुकानामार्फत) सांगून ठेवावा लागतो. त्याचे पैसे बहुधा रोख, थेट त्याच्या हातात, आणि वर बक्षिसी. दर बुकिंगच्या वेळीच विचारा. दोघांना मिळून एक कॅडी चालेल, पण मी दोन घेईन. पॅकेजमधला ‘यजमान’ चांगला खेळाडू असेल, गप्पिष्टही असेल, पण ग्रीनचा उतार कुठे फसवतो आणि कुठल्या बंकरपाशी (वाळूच्या खड्ड्यापाशी) बॉल नेहमी घरंगळतो, हे रोज चालणाऱ्या कॅडीलाच माहीत असतं. पहिल्या तीन होलांत त्याला बाबांचा फटका किती लांब जातो ते कळतं, मग तो हातात देईल ती काठी निमूट घ्यायची.

खेळाबद्दल दोन गोष्टी. एक, हेदर. ऑगस्टमध्ये ते जांभळं फुललेलं असतं, डोळे निवतात, आणि त्यासाठीच हा महिना मला सगळ्यात आवडतो. पण बॉल त्यात गेला की लांबचा फटका मारायचा मोह टाळायला हवा. काटक्या खेळायच्या काठीच्या मानेला गुंडाळतात आणि तिचा फेस (बॉलवर आदळणारी बाजू) बंद करून टाकतात. पकड घट्ट, फेस किंचित उघडा, हातात वेज (बॉल उंच उचलणारी काठी), आणि जवळच्या फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, बाहेर. ग्रीन दिसत असलं तरीही. बॉल शोधायला नियमाने तीनच मिनिटं आहेत, म्हणून शंका आली की दुसरा बॉल आधीच मारून ठेवा. दुसरी गोष्ट जमिनीची. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि हवा उबदार, त्यामुळे तिथे बॉल जरा लांब उडतो. इथे हवेत तो थोडा आखूड पडेल. पण खालची जमीन वाळूची, कोरड्या उन्हाळ्यात टणक, म्हणून पडल्यावर पळेल. ग्रीनच्या अलीकडे टाकून आत घरंगळत नेणं हा इथला फटका. येरवड्याला महिनाभर त्याचा सराव केला तर उपयोग होईल.

मोजणी स्टेबलफोर्डने, म्हणजे दर होलला गुण देऊन, करा. वॉलसी क्लबचे डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी १९३२ मध्ये ही पद्धत रूढ केली. एखादा होल बिघडला तर शून्य गुण घेऊन बॉल उचलायचा आणि पुढे जायचं. मागच्यांना ताटकळत ठेवणं इथे फार वाईट दिसतं, आणि बाबांना स्वतःलाच त्याचा ताण येईल.

कपड्यांचं बघा : कॉलरचा शर्ट, पँटमध्ये खोचलेला. टोपी आत शिरताना काढायची. बूट गाडीपाशी बदलायचे नाहीत, चेंजिंग रूममध्ये बदलायचे. फोन क्लबहाऊसमध्ये बंद. जेवणाच्या खोलीत कोट लागतो का ते क्लबाच्या पानावर पाहा, आणि लागत नसला तरी एक ब्लेझर बॅगेत असू द्या.

तुम्ही सोबत चालू शकता, फक्त बुकिंगमध्ये तसं लिहा. सपाट तळव्यांचे बूट, पाण्याची बाटली, छत्री. फटका मारणाऱ्याच्या मागे रेषेत उभं राहायचं नाही, एवढं सांभाळलं की झालं. अठरा होल नको वाटले तर पहिले दहा जेवणाच्या वेळेआधी चाला आणि हाफवे हटपाशी थांबा.

आता काकांचा हँडिकॅप. अशा क्लबांची पाहुण्यांसाठी कमाल मर्यादा असते आणि २० काही ठिकाणी तिच्या बाहेर जातो. म्हणून पैसे भरण्याआधी हे तपासाच. २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत आहे, त्यामुळे भारतातला इंडेक्स, म्हणजे हँडिकॅपचा आकडा, इथे समजतो, फक्त अधिकृत प्रमाणपत्र हवं. बाबांच्या क्लबाच्या सचिवांकडून प्रमाणपत्र आणि लेटरहेडवर परिचयाचं पत्र दोन्ही मागवा. कुठल्या परदेशी क्लबांशी त्यांची देवाणघेवाण आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. काकांचा प्रश्न सनिंगडेलला अडला, तर वॉल्टन हीथला विचारा. तिथला ओल्ड कोर्स हर्बर्ट फाउलर यांचा, १९०४ चा, १९८१ चा रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका अशी सांघिक स्पर्धा) तिथेच झाला, आणि हेदर तर सनिंगडेलपेक्षा जास्तच.

एवढं करूनही कंपनीच बरी वाटत असेल, कारण तुमची नोकरी, वेळ, सगळंच असतं, तर त्यांच्याकडून एकाच क्लबाचा दिवस करून मागा. क्लबाचं नाव, टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) आणि कॅडी लेखी घ्या. पावसात काय होईल ते विचारा. नुसत्या पावसाने इथे खेळ थांबत नाही, वीज कडाडली तरच थांबतो, आणि तेव्हा पैसे परत की नवी तारीख, हे कागदावर हवं. ऑगस्टमध्ये काही क्लब ग्रीनला भोकं पाडून वाळू भरतात. तो आठवडा टाळा, त्यावर पट धड चालत नाही.

मेलमध्ये सोमवार ते गुरुवारमधल्या तीन तारखा द्या, सकाळी नऊच्या पुढची वेळ मागा आणि दोघांची प्रमाणपत्रं जोडा. उत्तर आलं की इथे लिहा, जेवणाचं आणि गाडीचं मग बघू.