रिपोर्टमध्ये 'एएस' आलं, आता लग्न मोडायचं का?

तुळशीचं लग्न लागलं की माझ्यासारख्या समुपदेशकाकडे एकाच प्रश्नाची रांग लागते. माणसं वर्ध्याची असोत, भंडाऱ्याची असोत की गडचिरोलीची, हातात रक्ततपासणीचा कागद असतो, कागदावर 'एएस' असतं, म्हणजे माणूस सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक, आणि प्रश्न ठरलेला असतो: लग्न मोडायचं का? कुणी जरा आवाज खाली घेऊन विचारतं, लपवलं तर चालेल का? पुढे कॅन्सर होईल का, असंही विचारणारे भेटतात. वाहकांत मूत्रपिंडाचा एक कॅन्सर दिसतो, पण तो अतिशय दुर्मीळ; घाबरलेल्या माणसाला मात्र सगळे आजार एकदम आठवतात.

जुलै २०२३मध्ये केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. शिबिरं वाढली, कागद वाढले. ते कागद समजावून सांगणारी माणसं मात्र त्या मानानं वाढली नाहीत. आमच्या भागातले बरेच डॉक्टर आता असे रिपोर्ट सरळ माझ्याकडे पाठवतात, याचं मला समाधान आहे.

वर्षा नावाच्या मुलीची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि बऱ्याच बैठका इथे थोडक्यात आटोपल्या आहेत.

वय चोवीस, बी.एड. झालेली, साखरपुडा उरकलेला. कॉलेजच्या शिबिरात बोटातून रक्त घेऊन सोल्युबिलिटी तपासणी केली, ती 'पॉझिटिव्ह' आली. ही चाचणी एवढंच सांगते की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. माणूस नुसता वाहक आहे की आजारी, हे तिला कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, करावी लागते. मधल्या काळात घरानं पोरीला आजारी ठरवून टाकलं होतं. एचपीएलसीचा कागद आला तो न वाचताच आईवडील तिला घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, आमच्या घराण्यात कोनालेच हे नाही," वडील बसायच्या आधीच म्हणाले. "पोरीच्या रक्तात कुठून आली ही खोट?"

वर्षा मान खाली घालून रडत होती. मी तिला विचारलं, "तुला त्रास काय होतो?"

"काही नाही."

"मग रडतेस कशाला?"

"मी खराब निघाली ना, मॅडम."

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारांची. घटनेपेक्षा त्या घटनेवर माणूस मनातल्या मनात जो निकाल देतो तोच त्याला जास्त छळतो, असं मी मानते आणि तिथूनच कामाला लागते. कागद तिच्या हातात दिला आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. तिनं वाचलं: हिमोग्लोबिन ए ५८ टक्के, हिमोग्लोबिन एस ३६ टक्के. (ए म्हणजे नेहमीचं, एस म्हणजे सिकल.)

"खराब कुठे लिहिलंय?"

तिनं खरंच कागद उलटून पाहिला. मागे काहीच नव्हतं.

मग मी तिला जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्या डीएनएत सुमारे तीनशे कोटी अक्षरं असतात. शास्त्रज्ञांनी तुलनेसाठी जो मानवी डीएनए प्रमाण धरला आहे, त्याच्याशी ताडून पाहिलं तर तुमच्यामाझ्यासारख्या कुणाच्याही डीएनएत चाळीस ते पन्नास लाख जागी फरक सापडतो. बहुतेक फरकांनी काहीच बिघडत नाही. काहींमुळे एखाद्याला मोठेपणी दूध पचत नाही, काहींमुळे हृदयरोग्याला दिलेली क्लोपिडोग्रेलची गोळी शरीरात हवी तशी कामाला लागत नाही. आणि थोडेसे फरक असे असतात की त्यांच्यामागे अख्ख्या घराची झोप उडते. सिकलसेल त्यातला. अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिन नावाचं जनुक आहे. त्यात एका ठिकाणी 'जीएजी'ऐवजी 'जीटीजी' येतं, बस. एका अक्षरानं हिमोग्लोबिनमधल्या ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं; ही अदलाबदल व्हर्नन इनग्रॅम या शास्त्रज्ञानं १९५७ साली दाखवून दिली.

या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडलांकडून. दोन्ही प्रतींत तो बदल असेल तर माणूस 'एसएस'. ऑक्सिजन कमी पडला की त्याच्या लाल पेशींतलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. एकाच प्रतीत बदल असेल तर 'एएस'. दुसरी प्रत पुरेसं चांगलं हिमोग्लोबिन बनवते आणि माणूस आयुष्यभर कामधंदा करत राहतो. अगदी टोकाचे श्रम, शरीरातलं पाणी फार कमी होणं, खूप उंचावरचे डोंगर, अशा वेळी वाहकानं जपावं, आणि भूल घ्यायची असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. बाकी काही पथ्य नाही.

वडलांचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. "पण हे तर आदिवासींत असते ना? आमच्यात कसं आलं?" हा बदल जातीचा दाखला पाहून येत नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या जीवघेणा हिवताप होता, तिथे तो टिकला, कारण याची एकच प्रत असलेली मुलं त्या हिवतापातून जास्त वाचायची. आमच्याकडचे सिकलसेल वाहक काही काल उगवले नाहीत. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या वाहकांबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. गोंड-माडियांत तो आहे आणि विदर्भातल्या इतर कितीतरी समाजांतही आहे. जातीची ढाल पुढे करणाऱ्याला मी एवढंच म्हणते, तपासून या, मग बोलू.

वर्षाच्या वडलांनाही तेच म्हटलं. "भाऊ, हे तिला तुमच्या दोघांपैकी एकाकडून तरी मिळालं असणार."

त्यांनी लगेच बायकोकडे पाहिलं. ही नजर मी फार वेळा पाहिली आहे. ती नेहमी बाईकडेच वळते. म्हणून माझा एक नियम आहे: नवराबायकोची तपासणी एकाच दिवशी करायची आणि दोन्ही पाकिटं माझ्यासमोर उघडायची. घरी एकटीच्या वाट्याला तो कागद येऊ द्यायचा नाही.

पुढच्या खेपेला पाकिटं उघडली. आई एए. वडील एएस.

ते कागदाकडे पाहत राहिले, मग चष्मा काढून शर्टानं पुसला आणि पुन्हा पाहिलं. "म्हंजे मी?"

"हो, तुम्ही."

"पंचावन वर्साचा आहो मी. कापसाचं गाठोडं अजून एकटा उचलतो. मंग मले काऊन काही झालं नाही?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण मी दिलं नाही. वर्षाकडे बोट केलं. "तिला विचारा."

ती आधी चाचरली. मग म्हणाली, "बाबा, तुमच्याजवळ दोन प्रती आहेत. एक एस आहे. दुसरी चांगली आहे, तिनंच काम भागते." थोडं थांबून, स्वतःलाच ऐकवल्यासारखं बोलली, "माझंही तसंच."

या एका क्षणासाठी मी हे काम करते. त्याआधी मी तिला हेच वाक्य चार प्रकारे सांगून झाले होते. तिनं मान डोलावली होती आणि घरी जाऊन रडली होती. वडलांना समजावताना मात्र ते तिचं तिलाच पटलं. वर्षानुवर्षांच्या अनुभवातून माझं मत झालंय की घाबरलेल्या माणसाला धीर देण्यापेक्षा त्याला दुसऱ्याला समजावायला लावावं. आपण दिलेला धीर दारापर्यंत टिकतो. त्यानं स्वतः केलेला खुलासा घरापर्यंत जातो. आणि वडलांच्या डोक्यातली ती 'खोट' माझ्या कुठल्याही व्याख्यानानं गेली नसती. आपल्याच दंडातल्या रक्ताला खोट म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

जाताना बायकोला म्हणाले, "इतके दिवस तुह्या माहेराचं काढत होतो मी." ती काही बोलली नाही. पण पदर सावरून पुढे चालायला लागली, नवऱ्याच्या पुढे.

तरी आईची भीती उरलीच होती. "मॅडम, लग्न होऊन जाऊ द्या, मग सांगू ना त्याइले." इथे मी मऊ होत नाही. लपवून लावलेल्या लग्नात आजारी मूल जन्मलं की सगळं खापर सुनेवर फुटतं, आणि तोवर मागे फिरायची वाट उरलेली नसते. शिवाय मुलीचा रिपोर्ट हा अर्धाच प्रश्न आहे, उरलेला अर्धा मुलाच्या दंडात असतो. तो एए असेल तर त्यांच्या कुठल्याही मुलाला सिकलसेलचा आजार होणार नाही, फार तर मूल वाहक होईल. (तपासणीत थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक नाही ना, हेही पाहायचं, एसबरोबर तो आला तरी आजार होतो.)

मुलाच्या घरून उत्तर आलं, "आमच्यात असं काही नाही." वर्षा मला सांगताना हसली. वडलांचंच वाक्य. तिनं स्वतः मुलाला फोन केला. मुलगा समजूतदार होता, तपासून आला. एएस.

दोघं समोर बसले. मी सांगितलं, प्रत्येक गर्भारपणात एसएस मुलाची शक्यता चारात एक, वाहकाची चारात दोन, एएची चारात एक. मुलगा पटकन म्हणाला, "मग तीन चांगले झाल्यावर थांबायचं. चौथं नाही होऊ द्यायचं."

हसू नका. हिशेब मांडून दाखवला की दहातले निम्मे लोक हेच म्हणतात. मी एक-एक रुपयाची दोन नाणी काढून दोघांच्या हातात दिली. छापा म्हणजे एस. एकदम उडवायची, दोन्ही छापा म्हणजे एसएस. पहिल्याच खेपेला दोन्ही छापा. पुन्हा उडवली, पुन्हा दोन्ही छापा. मुलाचा चेहरा उतरला. नाण्याला आधीचं काही आठवत नसतं, गर्भालाही नसतं. दर वेळी डाव नवा.

"आणि एसएस झालंच तर?" वर्षानं विचारलं. मी काही झाकलं नाही. हाडं पिळवटणाऱ्या वेदना, रक्तक्षय, वारंवार जंतुसंसर्ग, काहींना लहान वयात पक्षाघात. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध, लसी, भरपूर पाणी आणि वेळेवर उपचार यांनी पुष्कळ फरक पडतो. गंमत अशी की आपल्याकडच्या अनेक रुग्णांत जवळच्याच गॅमा ग्लोबिन जनुकापाशी दुसरा एक छोटा बदल असतो, 'सी'च्या जागी 'टी'. त्यानं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त बनत राहतं आणि आजार सौम्य होतो. एक अक्षर दुखवतं, दुसरं सांभाळून घेतं. पण त्यावर विसंबून लग्न ठरवू नये. मध्य भारतात तीव्र आजाराची मुलंही भरपूर दिसतात.

मुलानं विचारलं, "ते अक्षर दुरुस्त नाही होत का?" २०२३च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाचा पहिला उपचार मंजूर झाला. तोही ते अक्षर बदलत नाही, गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करून देतो. अमेरिकेत तेव्हा किंमत ठरली बावीस लाख डॉलर. हे सांगितल्यावर तो गप्प झाला.

त्यांच्यापुढचे रस्ते मोजकेच होते. लग्न करायचं आणि प्रत्येक गर्भारपणात साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करायची. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४च्या कायद्यातच हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशी तपासणी नोंदणीकृत केंद्रात करायची मुभा आहे. किंवा दत्तक घ्यायचं. किंवा इथेच थांबायचं. कोणता रस्ता, हे मी कधीच सांगत नाही, कितीही गळ घातली तरी.

काही दिवसांनी वर्षानं नकार दिला. "तो चांगला आहे, मॅडम. पण दर वेळी तो निकाल हातात घेऊन मूल ठेवायचं की नाही ठरवणं, ते माझ्यानं नाही होणार." याच आकड्यांवर दुसऱ्या एका जोडप्यानं लग्न केलं, पहिल्या गर्भारपणात तपासणी केली आणि आज त्यांची वाहक मुलगी अंगणवाडीत जाते. दोन्ही निर्णय मला सारखेच शहाणे वाटतात. डोळे उघडे ठेवून मोडलेल्या सोयरिकीला मी अपयश मानत नाही. दोन्ही घरांनी एकमेकांना बोल लावला नाही, हे मला पुष्कळ झालं.

ज्यांच्या घरात असा कागद आलाय त्यांना एवढंच: सोल्युबिलिटीच्या निकालावर कुणालाही आजारी ठरवू नका, एचपीएलसी करून घ्या. भावंडांची तपासणी करा, पण साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नको, कॉलेजात असतानाच करा. स्थळ बघताना शिक्षण-नोकरीबरोबर रिपोर्टही विचारा आणि आधी आपला दाखवा. दिवस राहिल्यावर कळलं असेल तर एक आठवडाही दवडू नका, त्याच दिवशी नवऱ्याचं रक्त तपासा.

वर्षाच्या वडलांनी पुढे सगळी भावकी आरोग्य केंद्रात नेऊन उभी केली. धाकट्या मुलाचा रिपोर्ट एए आला तेव्हा खुशीत पेढे घेऊन माझ्याकडे आले. वर्षा सोबत होती. पेढा तोंडात टाकत म्हणाली, "काऊन बाबा, माहा रिपोर्ट आला तवा नाही वाटले?"