बाटल्या धुण्याचं शिक्षण?

पत्र: मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. नीटला मेडिकलपुरते मार्क पडले नाहीत. आता ती बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी करायचं म्हणते. आमचे मेहुणे म्हणतात, त्यात नुसत्या बाटल्या धुवाव्या लागतात आणि शेवटी नोकरी लागत नाही. काय करावं?

(पत्राच्या तळाशी निळ्या शाईत मुलीची ओळ: "रोपं कंपनीची, टिश्यू कल्चरची असतात, तरी आमच्या केळीवर हरण्या रोग येतो. असं का?")

भाऊ, नमस्कार.

तुमच्या मेहुण्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. बायोटेकमध्ये बाटल्या धुवाव्या लागतात. सल्ले द्यायला लागण्याआधी मी काही वर्षं एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये, म्हणजे बाटलीत रोपं वाढवतात तिथं, होते. पहिला महिना माझ्या हाती दुसरं काही दिलंच नाही. पुढं ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेनं जंतू मारणारं यंत्र, लावायला मिळाला. १२१ अंश तापमान, १५ पौंड दाब, २० मिनिटं. एकदा घाईत मी तो लवकर बंद केला आणि चार दिवसांनी सगळ्या खेपेत पांढरी बुरशी. बाटल्या पुन्हा मोरीत, आणि धुणारी पुन्हा मीच.

तुमच्या शेतातलं जी-नाईन वाणाचं केळीचं रोप अशाच बाटलीतून आलेलं असतं. चांगल्या झाडाच्या कंदातला कोंब घेतात, त्याचा अगदी आतला भाग कापून साखर, क्षार आणि संप्रेरकं घातलेल्या माध्यमावर ठेवतात. एकाचे चार कोंब होतात, चाराचे पुन्हा कितीतरी. मग मुळं फुटवायची, हरितगृहात हार्डनिंग करायचं, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावायची, तेव्हा पिशवीतलं रोप तुमच्या बांधावर येतं. सगळी एकाच झाडाची लेकरं, म्हणून घड जवळपास एकदमच कापणीला येतात. ज्या माध्यमावर कोंब पोसतो त्यावर बुरशी तर त्याहून जोमानं पोसते. म्हणून ती धुण्याची आणि उकळण्याची एवढी कटकट.

सजीव पेशीकडून आपलं काम करून घेणं, ही या विषयाची गाभ्याची गोष्ट. तुमच्या घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर तेही इथलंच. पूर्वी ते डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ साली अमेरिकेत माणसाच्या इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घालून ते बनवून घेतलं आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. आता मोठमोठ्या स्टीलच्या टाक्यांत जिवाणू किंवा यीस्ट वाढवून ते काढतात. टाकीतून निघालेल्या रशातून इन्सुलिन शुद्ध करून घेणं हे वाढवण्याइतकंच किचकट काम, आणि पुष्कळ माणसं त्यातच लागतात. लशींचंही तसंच. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ पासूनची आहे. कोविडमध्ये, मार्च २०२० ला, आरटी-पीसीआर किटला मंजुरी मिळालेली पहिली भारतीय कंपनी मायलॅब, तीही पुण्याचीच.

कपाशीबद्दल मात्र मुलीला दोन्ही बाजू कळू द्या. २००२ मध्ये बीटी कापूस आला. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं, त्यामुळं बोंडअळी कपाशी खाऊन मरायची. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रात काय केलं ते तुम्ही पाहिलंच असेल. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं, कडेनं लावायला, म्हणजे बीटीची सवय नसलेल्या अळ्याही टिकून राहतात. बहुतेकांनी ते लावलं नाही, आणि वर फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी शेतात उभी. अळीला सवय व्हायला आणखी काय हवं? जनुक चांगलं असून भागत नाही. शेतकरी ते कसं वापरतो यावर अर्धा खेळ असतो. शेतकऱ्याची लेक या धंद्यात हवी, असं मला वाटतं ते यासाठीच.

आता नोकरीचं. स्पष्ट सांगते, नुसत्या बी.एस्सी. बायोटेकवर चांगली नोकरी मिळेल अशी आशा धरू नका. औषध कंपनीत प्रॉडक्शनला किंवा क्वालिटी कंट्रोलला जागा निघतात, पण तिथं केमिस्ट्रीवाले आणि बी.फार्मवालेही रांगेत असतात, आणि सुरुवातीला शिफ्ट आणि बेताचा पगार. दवाखान्याच्या लॅबसाठी डीएमएलटी हा लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा लागतो, ती वाट वेगळी. कृषी खात्याच्या परीक्षांना शास्त्र शाखेची ही पदवी चालत नाही. तिकडं जायचं असेल तर कृषी विद्यापीठाची पदवी घ्या. लातूरला कृषी जैवतंत्रज्ञानाचं सरकारी महाविद्यालय आहे.

म्हणून हिशेब पाच वर्षांचा धरा. पदवीनंतर एम.एस्सी. हवीच. त्यासाठी जॅम (आयआयटींची) आणि गॅट-बी (बायोटेकची) या दोन प्रवेश परीक्षा. गॅट-बीतून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची मदत असलेल्या विद्यापीठांत प्रवेश मिळतो, विद्यावेतनही मिळतं. जळगावच्या विद्यापीठातही जीवशास्त्र प्रशाळा आहे, तेव्हा पोरीला लांब पाठवायचंच असं नाही.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते आणि फार थोडे ऐकतात. पदवीचं नाव बायोटेक नसलं तरी चालतं. जवळच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी किंवा केमिस्ट्रीचा विभाग चांगला असेल, तर तिथं बी.एस्सी. करून एम.एस्सी.ला बायोटेक घ्यावं. चकचकीत माहितीपत्रक छापणाऱ्या खासगी कॉलेजात लाखांचं कर्ज काढून बी.टेक. करण्यापेक्षा ते बरं. कॉलेज बघायला जाल तेव्हा सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. प्रॅक्टिकल चालू असताना जा. ऑटोक्लेव्हवर धूळ दिसली तर चहा पिऊन परत या. आणि गणिताशी तिचं फाटलं असेल तर आत्ताच जुळवून घ्यायला सांगा, पुढं संख्याशास्त्र सुटत नाही.

तिच्या मनात अजून डॉक्टरकीच असेल तर एक वर्ष रिपीट करू द्या. बायोटेकला वेटिंग रूम करणाऱ्या मुली दुसऱ्या वर्षी कंटाळतात.

पण मला तसं वाटत नाही, त्या निळ्या शाईच्या ओळीमुळं.

बाळा, तुझं उत्तर. हरण्या हा विषाणूचा रोग, काकडीवरच्या मोझॅकचा, म्हणून त्याला सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) म्हणतात. टिश्यू कल्चर केलं की विषाणू आपोआप जातोच असं नाही. मातृवृक्षातच तो लपलेला असेल तर हजारो रोपांत उतरतो. म्हणून एलायझा किंवा पीसीआर या लॅबमधल्या चाचण्यांनी तपासणी करतात, आणि त्यासाठी २००६ पासून रोपांच्या प्रमाणीकरणाची केंद्र सरकारची व्यवस्थाही आहे. बाबांना म्हणावं, रोपं घेताना ते प्रमाणपत्र मागा. पण रोप स्वच्छ आलं तरी मावा शेजारच्या वेलावरून विषाणू आणून सोडतो. तुमच्या केळीत किंवा बांधाला काकडी, भोपळा, कारलं लावलेलं आहे का? आज संध्याकाळी जाऊन बघ, आणि त्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे दिसले तर फोटो काढून मला पाठव.